मालकाचं लायसन्स वेगळं, तुमचं रजिस्ट्रेशन वेगळं

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई डी.फार्म. आहेत, मानेवाडा भागातल्या एका मेडिकलमध्ये चार वर्षांपासून नोकरीला. एका दुपारी त्या जेवायला घरी गेल्या असताना औषध निरीक्षक आले. त्याच वेळी काउंटरवरच्या हेल्परनं चिठ्ठी न बघता अल्प्राझोलम या चिंतेवरच्या, झोपेच्या गोळ्यांची एक स्ट्रिप दिली, बिल फाडलं नाही. एच वन रजिस्टर, म्हणजे चिठ्ठीवरच्या ठरावीक औषधांची वेगळी नोंदवही, अकरा दिवस मागे होतं. दुकानाचं लायसन्स पंधरा दिवस निलंबित झालं. मालकानं तेवढे दिवस शटर बंद ठेवलं आणि विषय संपला असं सगळ्यांनी धरलं. आता मुंबईहून फार्मसी कौन्सिलची, म्हणजे फार्मासिस्टची नोंदणी ठेवणाऱ्या संस्थेची, कारणे दाखवा नोटीस आली आहे, पंधरा दिवसांत खुलासा मागणारी. मालक म्हणतो, “माझा वकील दोघांचं मिळून उत्तर देईल, तू फक्त सही कर.” त्या मसुद्यात लिहिलंय की निरीक्षक आले तेव्हा ताई दुकानाच्या मागच्या खोलीत होत्या. मैत्रीण म्हणते, माफीनामा लिहून टाक, सोडून देतात. ताईंचा प्रश्न, या दोनपैकी काय करू?

ताई, दोन्ही करू नका. का, ते सविस्तर सांगतो.

माझ्याबद्दल एवढंच, की बी.फार्म. झाल्यावर सात वर्षं मी मेडिकल चौकात काउंटरवर उभा होतो, मग वकिलीत आलो. गेली बावीस वर्षं नागपुरात केमिस्ट आणि फार्मासिस्टची प्रकरणं चालवतोय, एफडीएच्या (अन्न व औषध प्रशासनाच्या) सुनावणीपासून सिव्हिल लाइन्सच्या हायकोर्ट खंडपीठापर्यंत. दुकानात एकटाच आर.पी., म्हणजे रजिस्टर्ड फार्मासिस्ट, असेल तर दुपारच्या जेवणाची काय ओढाताण होते, ते मी स्वतः भोगलंय.

तुम्ही जे एक प्रकरण समजताय ती दोन आहेत, कदाचित तीन. पहिलं प्रकरण दुकानाच्या परवान्याचं. तो मालकाच्या नावावर, एफडीएनं दिलेला, आणि औषध नियमावलीच्या नियम ६६ खाली निलंबित झालेला. त्यावर तीन महिन्यांत राज्य शासनाकडे अपील करता येतं. मालकानं ते केलं नाही, शिक्षा भोगून मोकळा झाला. दुसरं प्रकरण तुमच्या नोंदणीचं. ते फार्मसी कायदा १९४८ च्या कलम ३६ खाली चालतं, कौन्सिलच्या कार्यकारी समितीपुढे, आणि त्यात आरोपी फक्त तुम्ही. तिसरं म्हणजे कोर्टातला खटला. तो अजून दाखल झालेला दिसत नाही, पण होऊ शकतो. त्याबद्दल पुढे बोलतो, कारण माणसं सगळ्यात जास्त फसतात ती तिथेच.

मालकाचं नुकसान पंधरा दिवसांच्या गल्ल्याचं होतं, ते होऊन गेलं. तुमचं नाव कौन्सिलच्या रजिस्टरमधून काढलं, तर आदेशात लिहिलेल्या मुदतीपर्यंत किंवा कायमचं, तुम्ही या राज्यात फार्मासिस्ट म्हणून उभ्या राहू शकत नाही. आता मालकाच्या वकिलाच्या जागी बसून बघा. उद्या खटला झालाच, तर मालकाचा सगळ्यात सोपा बचाव कोणता? “मी पगार देऊन रजिस्टर्ड फार्मासिस्ट ठेवली होती, देखरेख तिची होती.” आणि तुमचा सगळ्यात खरा बचाव कोणता? “हेल्पर मालकानं नेमला, दुसरा आर.पी. द्या म्हणून मी सांगत होते, त्यानं दिला नाही.” ही दोन वाक्यं एका कागदावर बसत नाहीत. संयुक्त उत्तरात एक बाजू गळते, आणि मसुदा ज्याचा वकील लिहितो त्याची बाजू कधीच गळत नाही. मालक माणूस म्हणून चांगला असेल, चार वर्षं पगार वेळेवर दिला असेल. तरी उत्तर तुमचं वेगळं, वकील वेगळा.

आता ‘मागच्या खोलीत होते’ या वाक्याकडे या. दुकानात फॉर्म ३५ ची तपासणी वही असते, निरीक्षक त्यात शेरा लिहून जातात. तुमच्याकडे तिची प्रत नसेल तर आजच मोबाइलवर फोटो काढून घ्या. माझा अंदाज आहे की त्यात ‘आर.पी. अनुपस्थित’ असं वेळेसकट लिहिलेलं असेल आणि खाली हेल्परची सही असेल. ती सही तुमच्याच दुकानातल्या माणसाची आहे. तिच्यासमोर तुमचं ‘मागच्या खोलीत’ टिकणार नाही. दुकानात कॅमेरा असेल तर आणखीच. मग समितीपुढचा प्रश्न बदलतो. जेवायला जाणं ही चूक समजून घेता येते. कौन्सिलला लेखी खोटं सांगणं हे स्वतंत्र गैरवर्तन आहे, आणि त्यावर मी तुमच्या बाजूनं काय बोलणार?

रजिस्टरचंही तसंच. अकरा दिवसांच्या नोंदी आता भरून काढायचा मोह होईल, कुणी तसा सल्लाही देईल. काही वर्षांपूर्वी एक पक्षकार एच वन रजिस्टर घेऊन माझ्याकडे आला. सगळ्या नोंदी सुबक, एका हातच्या, एका निळ्या शाईच्या. दोन महिन्यांत चाळीसेक रुग्ण, आणि एकाही ओळीत खाडाखोड नाही, कुठे पाण्याचा डाग नाही, पानाचा कोपरा दुमडलेला नाही. मी मागचं पुठ्ठं उलटून पाहिलं. खाली बारीक अक्षरात छपाईचा महिना होता, आणि पहिली नोंद त्याच्या तीन महिने आधीची होती. तो माणूस खुर्चीत बसल्या जागी पांढरा पडला. रजिस्टर परत घेऊन जायला सांगितलं आणि खुलाशात लिहिलं की त्या काळात नोंदी ठेवल्या गेल्या नाहीत. त्याला ताकीद मिळाली. ते रजिस्टर दाखल केलं असतं तर ताकिदीवर निभावलं नसतं.

कायदा इथे स्पष्ट आहे. शेड्यूल एच वन १ मार्च २०१४ पासून लागू झालं. त्यातली औषधं देतानाच वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या लिहायची, आणि ते रेकॉर्ड तीन वर्षं ठेवायचं. ‘देतानाच’ म्हणजे त्याच वेळी, रात्री हिशेबाला बसल्यावर नव्हे. अकरा दिवस मागे असणं ही चूकच. ती मान्य करा. जिथे वाद घालायला जागा आहे तिथला जोर मग शाबूत राहतो.

जागा आहे ती कलम ३६ मध्येच. ते कलम मराठीत कुणी नीट समजावून सांगत नाही, म्हणून इथे थोडा थांबतो. नाव काढायची कारणं तीन गटांत येतात. नोंदणीच मुळात चुकून किंवा माहिती लपवून झाली असेल. तुम्हाला स्वतःला एखाद्या गुन्ह्यात शिक्षा झाली असेल किंवा तुमचं स्वतःचं व्यावसायिक गैरवर्तन असेल, असं की समितीला तुम्ही रजिस्टरवर राहायला अपात्र वाटाल. किंवा तुमच्या हाताखाली काम करणाऱ्यानं तसं काही केलं असेल. तुमची नोटीस बघितलीत तर तिच्यात दुसरा आणि तिसरा गट एकमेकांत मिसळलेला दिसेल. पहिलं काम म्हणजे ते वेगळे करणं. अल्प्राझोलम दिलं हेल्परनं. तुम्ही दिलं नाही.

हाताखालच्याच्या चुकीसाठी फार्मासिस्टचं नाव काढायला कलमानं अटी घातल्या आहेत. समितीची खात्री पटायला हवी की ते कृत्य तुमच्या चिथावणीनं किंवा संगनमतानं झालं. किंवा आधीच्या बारा महिन्यांत तुम्ही स्वतः तसंच काही केलं होतं. किंवा हाताखालच्यानं त्या बारा महिन्यांत तसं केलं होतं आणि ते तुम्हाला माहीत होतं वा असायला हवं होतं. किंवा तो प्रकार बराच काळ चालू होता आणि तुम्हाला ठाऊक होतं वा असायला हवं होतं. किंवा औषध कायद्याखालचा गुन्हा असेल तर तो कायदा पाळला जावा म्हणून तुम्ही योग्य ती दक्षता घेतली नाही. यातल्या पहिल्या चारांत तुम्ही बसत नाही, असं तुमच्या सांगण्यावरून वाटतं. तुमची खरी लढाई पाचव्याची आहे. दक्षता घेतली होती का?

दक्षता ही कागदावर दिसावी लागते. तीन वर्षांपूर्वी धंतोलीतल्या एका दवाखान्याखालच्या मेडिकलची फार्मासिस्ट माझ्याकडे आली होती, जवळपास तुमच्यासारखंच प्रकरण. तिच्याकडे शाळेची दोनशे पानी वही होती. रोज एक ओळ. ‘९.५० आले. १.४० ते २.१५ जेवण, राहुलला सांगितलं चिठ्ठीचं औषध द्यायचं नाही. ८.३० निघाले.’ मध्ये एका दिवशी, ‘राहुलनं सेफिक्झाइम चिठ्ठीशिवाय दिलं, परत बोलले, मालकांना व्हॉट्सअॅप केला.’ मुलाचं नाव मी बदललंय, ओळी तशाच आहेत. ती वही तिनं स्वतःसाठी लिहिली होती, कौन्सिलसाठी नाही, आणि ते प्रत्येक पानावर दिसत होतं. सुनावणीत एका सदस्यांनी ती वही पाच मिनिटं शांतपणे चाळली. त्या पाच मिनिटांनी जे केलं ते माझ्या युक्तिवादानं केलं नसतं. तिचं नाव राहिलं.

पण हेही नीट लक्षात घ्या. ती सेफिक्झाइमची ओळ दुधारी होती. हाताखालच्यानं आधीही तसं केलं होतं आणि हिला ठाऊक होतं, हे त्याच ओळीनं सिद्ध होत होतं. तिला वाचवलं ते पुढच्या शब्दांनी, ‘मालकांना व्हॉट्सअॅप केला’. कळल्यावर ती गप्प बसली नव्हती.

म्हणून तुमचा मोबाइल शोधा. मालकाला, हेल्परला, दुकानाच्या ग्रुपवर तुम्ही काय काय लिहिलंय? ‘सर, दुपारी एक तास कुणी आर.पी. नाही’, ‘याला सांगा झोपेच्या गोळ्या देऊ नको’, असं काहीही. चार वर्षांत एकदाही लिहिलं नसेल असं होत नाही. ते मेसेज खोडू नका, स्क्रीनशॉटवर भागवू नका, मोबाइल तसाच जपून ठेवा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडून ते दाखल करता येतात. पगाराच्या बँक नोंदी काढा. तुमच्या हस्ताक्षरातली त्या महिन्याची बिलं आणि रजिस्टरची आधीची पानं, ज्यांत तुम्ही नियमित होता, त्यांच्या प्रती मालकाकडे लेखी मागा. दिल्या नाहीत तरी मागितल्याची पोच कामाला येते. तपासणी अहवाल आणि निलंबनाच्या आदेशाची प्रत माहिती अधिकारात एफडीएकडे मागा, पण त्याला तीस दिवस लागू शकतात. तेव्हा त्याच कागदांची मागणी कौन्सिललाही करा. ज्या कागदांवर नोटीस उभी आहे ते द्या, एवढंच म्हणायचं.

त्या निलंबनाच्या आदेशाबद्दल एक मुद्दा माझ्या अनुभवात चांगला चालतो. नोटीस त्याचा आधार घेईल. पण तो आदेश मालकाविरुद्ध होता, त्या सुनावणीत तुम्हाला बोलावलं नव्हतं. जिथे तुमचं ऐकून घेतलं नाही तिथला निष्कर्ष जसाच्या तसा तुमच्यावर लादता येत नाही. कलम ३६ तुम्हाला म्हणणं मांडायची वाजवी संधी देतं, आणि समितीनं स्वतःचं मत स्वतः बनवायचं असतं. हे खुलाशात पहिल्या पानावर, सभ्य भाषेत.

मैत्रिणीच्या माफीनाम्याबद्दल. माफी वाईट नाही. मोघम माफी वाईट. ‘माझ्याकडून चूक झाली, पुन्हा होणार नाही, कृपया माफ करावे’ असं लिहिलंत तर कोणती चूक? हेल्परनं विकलं तीही तुमची झाली. त्याऐवजी साधारण असं लिहा: ‘दिनांक अमुक रोजी दुपारी १.३० ते २.२० मी जेवणासाठी घरी गेले होते. या काळात चिठ्ठीवरची औषधे देऊ नयेत अशी तोंडी सूचना मी कर्मचाऱ्यास दिली होती. दुकानात दुसरा नोंदणीकृत फार्मासिस्ट नव्हता. एच वन रजिस्टरमधील अकरा दिवसांच्या नोंदी माझ्याकडून राहिल्या, ती जबाबदारी मी स्वीकारते. सदर विक्री माझ्या संमतीने वा माहितीने झालेली नाही.’ वेळा खऱ्या घाला. तोंडी सूचना दिली नसेल तर ते वाक्य काढून टाका, मी लिहिलं म्हणून ठेवू नका. त्या घटनेनंतर काय बदललं ते पुढच्या परिच्छेदात लिहा, आणि ते आधी प्रत्यक्षात बदला: बाहेर जाताना चिठ्ठीच्या औषधांच्या कपाटाला कुलूप, काउंटरवर ‘फार्मासिस्ट २.३० ला येतील’ ही पाटी, रोजची ओळ लिहिलेली वही.

इथपर्यंतचं सगळं मी एका गृहीतावर लिहिलं, की तुम्ही खरोखर रोज त्या दुकानात बसता. तुमच्या प्रश्नावरून तसंच दिसतं. पण हे वाचणाऱ्यांत काही जण असे असतील ज्यांचं फक्त सर्टिफिकेट भिंतीवर टांगलेलं आहे, महिन्याला ठरलेले पैसे येतात आणि स्वतः दुसरीकडे नोकरी करतात. त्यांच्यासाठी वरचा एकही मुद्दा नाही. चिठ्ठीवरचं औषध आर.पी.नं स्वतः किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीत दिलं गेलं पाहिजे, असं नियम ६५ सांगतो. जो तिथे नसतोच त्यानं दक्षता घेतली असं कोण म्हणणार? अशा माणसाला मी पहिल्या भेटीत सांगतो की आज ते सर्टिफिकेट उतरवा, मालकाला आणि एफडीएला आजच्याच तारखेनं कळवा, मागची तारीख टाकू नका, आणि मग खरं काय ते सांगून शिक्षा कमी कशी होईल यावर बोलू. त्या भिंतीवरच्या कागदाच्या भरवशावर कुणाची तरी म्हातारी आई गोळ्या घेऊन जाते. यात मला सौम्य बोलता येत नाही.

आता तो तिसरा, कोर्टातला विषय. उद्या समन्स आलंच, तर कोर्टाच्या आवारात कुणीतरी सांगेल, ‘गुन्हा कबूल करा, दंड भरा, आजच सुटा.’ दंड परवडेल असाही असेल. पण कबुलीवर झालेली शिक्षा ही शिक्षाच असते. आणि कलम ३६ मधला दुसरा गट आठवा, गुन्ह्यात शिक्षा झालेली असणं. पैसे वाचले, दिवस वाचला म्हणून खुशीत घरी गेलेली माणसं सहा महिन्यांनी कौन्सिलची दुसरी नोटीस घेऊन माझ्याकडे आली आहेत, आणि तेव्हा हातात फार काही उरत नाही. उलट बाजूही आहे. तुम्ही कौन्सिलला जे लिहून द्याल ते कोर्टात तुमच्यासमोर ठेवलं जाऊ शकतं. म्हणून खुलासा पाठवण्याआधी फौजदारी बाजू बघणाऱ्या वकिलाची एक नजर त्यावरून फिरू द्या. अल्प्राझोलम एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीतही आहे. पोलिसांचा एखादा कागद आला असेल आणि तुम्ही प्रश्नात लिहिला नसेल, तर हे उत्तर बाजूला ठेवा आणि आधी तो वकील गाठा.

निकाल विरोधात गेला तर काय, ही भीती तुमच्या प्रश्नात ओळीओळीत आहे. समितीनं नाव काढायचा आदेश दिला तरी तो कौन्सिलनं कायम करावा लागतो, आणि कायम केल्यापासून तीन महिने उलटेपर्यंत तो अमलात येत नाही. म्हणजे दुसऱ्या दिवशी काउंटर सोडावा लागत नाही. पण कायम झाल्याचं तुम्हाला कळवल्यापासून तीस दिवसांत राज्य शासनाकडे अपील करायचं असतं. लोक तीन महिने लक्षात ठेवतात आणि तीस दिवस विसरतात. कलम ३८ म्हणतं की अशा आदेशाला कोर्टात आव्हान देता येत नाही. तरी म्हणणं न ऐकता किंवा कलमाच्या अटी न बघता आदेश झाला असेल, तर खंडपीठात रिट याचिकेची वाट मोकळी असते. आणि नाव गेलंच, तरी कलम ३७ खाली ते पुन्हा दाखल करून घ्यायचा अधिकार कौन्सिलला आहे. शिवाय तुमच्या नोंदणीचं नूतनीकरण कधी संपतंय ते आत्ता बघा. फी थकली म्हणूनही नाव निघतं, आणि प्रकरण चालू असताना तसं झालं तर दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंततात.

सुनावणीला स्वतः जा, वकील असला तरी. कौन्सिलचं कार्यालय मुलुंडला आहे. विदर्भ एक्सप्रेसनं ठाण्याला उतरलात तर पुढचं स्टेशन मुलुंडच. आदल्या दिवशी पोचा. मूळ नोंदणी प्रमाणपत्र, मूळ वही, मोबाइल आणि सगळ्याच्या तीन प्रती सोबत ठेवा. समितीवर बहुतेक फार्मसीतलीच माणसं असतात, त्यांना काउंटर माहीत आहे. विचारलं तेवढंच उत्तर द्या. ‘जेवायला का गेलात?’ या प्रश्नावर रडू येईल, येऊ द्या, पण उत्तर खुलाशात लिहिलेलंच द्या, वेळासकट.

तुम्ही लिहिलंय की नोटीस मिळून नऊ दिवस झाले. उरलेल्या सहा दिवसांत हे सगळं जमणार नाही. म्हणून आज संध्याकाळी एकच काम करा. कौन्सिलच्या रजिस्ट्रारच्या नावानं अर्धं पान लिहा: नोटीस अमुक तारखेला मिळाली, तपासणी अहवाल, निलंबन आदेश आणि तक्रारीच्या प्रती मिळाव्यात, त्या मिळाल्यापासून पंधरा दिवसांची मुदत मिळावी, आणि प्रत्यक्ष म्हणणं मांडायची संधी मिळावी. खाली तुमची एकटीची सही. उद्या सकाळी स्पीड पोस्टनं पाठवा, तोच कागद ईमेलनंही पाठवा, पावती वहीत चिकटवा. मुदत मिळाल्याचं उत्तर येईपर्यंत ती मिळाली असं धरू नका. या सहांतल्या पाचव्या दिवसापर्यंत काही आलं नाही, तर हाताशी असलेल्या कागदांवर छोटा खुलासा पाठवा आणि सविस्तर खुलाशाचा हक्क राखून ठेवल्याचं त्यात लिहा. मालकाच्या मसुद्याचं काय करायचं, तर त्याची एक प्रत ठेवून घ्या. सही करू नका.